सुन त्झूचे युद्धशास्त्र आणि आपला नित्य व्यवहार

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात झालेल्या व्याख्यानाची संहिता)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, वधूवर-परिचय, ज्येष्ठांचा सन्मान अशा मंगल कार्यक्रमांच्या पंक्तीला युद्धशास्त्रावरील व्याख्यान येऊन बसावे, हे पुष्कळांस विजोड वाटेल. त्यातही ज्या ग्रंथाविषयी आम्ही बोलणार आहोत तो चीन देशातला आणि दोन हजार वर्षांहून जुना. परंतु हाच ग्रंथ आज रेल्वे स्थानकांवरील पुस्तकांच्या दुकानांत मांडलेला दिसतो, व्यापार-व्यवस्थापनाच्या वर्गांत त्याचे दाखले दिले जातात आणि आपल्या ज्ञातीतील अनेक तरुणांच्या हातीही तो आम्ही पाहिला आहे. प्रतिस्पर्ध्यास चीत करण्याच्या युक्त्या शिकविणारे पुस्तक, अशी त्याची ख्याती झाली आहे. आमच्या मते ही ख्याती त्या ग्रंथावर अन्याय करणारी आहे. सुन त्झूने सर्वांत अधिक विचार केला तो लढाईस काय किंमत पडते याचा. आणि ज्याच्या मनात हा हिशेब पक्का बसला, तो माणूस सहसा लढावयास उठत नाही. आपल्या घरांतून, भावाभावांतून आणि संस्थांतून ज्या लढाया चालू आहेत, त्यांच्याकडे या दृष्टीने पाहावे, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम ग्रंथाची ओळख करून देणे अगत्याचे आहे. मूळ नाव ‘सुनत्झू बिंगफा’. ‘सुन’ हे आडनाव, ‘त्झू’ म्हणजे आचार्य, ‘बिंग’ म्हणजे सैन्य वा शस्त्र आणि ‘फा’ म्हणजे नियम किंवा पद्धती. इंग्रजी भाषांतरांमुळे ‘युद्धकला’ हे नाव रूढ झाले. ‘सेनानियम’ म्हटले असते तर ते मूळच्या अधिक जवळ गेले असते. प्रकरणे तेरा आणि एकूण अक्षरे सुमारे ६,०००. म्हणजे एका बैठकीत वाचून संपावा एवढाच हा ग्रंथ. सिमा छियान या इतिहासकाराने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास जो बृहद् इतिहास लिहिला, त्यात ग्रंथकर्ता सुन वू हा ची राज्याचा रहिवासी असून वू राज्याच्या हो लू राजाच्या पदरी सेनापती होता, असे म्हटले आहे. हो लूची कारकीर्द इ. स. पू. ५१४ ते ४९६ अशी होय. त्या काळाचा सविस्तर वृत्तांत देणाऱ्या ‘त्सो चुआन’ या जुन्या बखरीत मात्र सुन वूचे नाव आढळत नाही. म्हणून ग्रंथाचे सध्याचे रूप पुढील दोन-तीन शतकांत सिद्ध झाले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. १९७२ साली शानतुंग प्रांतात लिनयी येथे यिनछुएशान टेकडीवर हान काळातील थडगी उघडली गेली आणि त्यांत बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेला हा ग्रंथ सापडला. त्याच्यासोबत सुन बिन या दुसऱ्या सेनापतीचा हरवलेला ग्रंथही हाती आला. ते दोघे एकच की भिन्न, हा जुना वाद त्या दिवशी मिटला.

या ग्रंथावर उपलब्ध असलेली सर्वांत जुनी टीका छाव छाव या सेनापतीची असून तो इ. स. २२० मध्ये वारला. युरोपास हा ग्रंथ प्रथम कळला तो १७७२ साली, आम्यो नावाच्या जेझुइट पाद्र्याच्या फ्रेंच भाषांतरामुळे. ब्रिटिश म्युझियममधील लायोनेल जाइल्स यांचे इंग्रजी भाषांतर १९१० साली आले आणि अमेरिकेचे निवृत्त सेनाधिकारी सॅम्युएल ग्रिफिथ यांचे १९६३ साली. हा ग्रंथ प्राचीन काळी आपल्या देशात पोहोचल्याचा पुरावा नाही. आपल्याकडील राजनीतीने साम, दाम, दंड आणि भेद असे उपाय सांगितले, त्यांतही दंड हा अखेरचाच समजला गेला. दोन शहाण्या परंपरा परस्परांस न विचारता एकाच निर्णयास आल्या, एवढेच यावरून म्हणता येते. आणि तेही थोडके नव्हे.

आता ग्रंथाच्या गाभ्याकडे वळू. दुसऱ्या प्रकरणात सुन त्झू एखाद्या दिवाणजीप्रमाणे जमाखर्च मांडून बसतो. हजार वेगवान रथ, तितकीच अवजड वाहने, एक लाख चिलखतधारी शिपाई, हजार ली दूर पोहोचवावयाचे धान्य, पाहुण्यांची व सल्लागारांची बडदास्त, रथ-चिलखतांची डागडुजी, इतकेच काय, लागणारा सरेस आणि लाखेचे रोगण, असे बारीकसारीक आकडे तो जमेस धरतो आणि रोजचा खर्च हजार सुवर्णमुद्रा होतो असे सांगतो. शत्रूच्या मुलखात मिळालेले एक माप धान्य घरून आणलेल्या वीस मापांच्या मोलाचे, असा त्याचा हिशेब आहे. कारण उरलेले वाहतुकीतच खर्ची पडते. शेवटच्या प्रकरणात तो आणखी एक आकडा देतो: एक लाखाची सेना बाहेर पडली की सात लाख कुटुंबांची शेतीची कामे खोळंबतात. दीर्घकाळ चाललेल्या युद्धाने कोणत्याही राज्याचे भले झालेले त्यास माहीत नाही. तिसऱ्या प्रकरणात तो लढण्याच्या प्रकारांची प्रतवारी लावतो. शत्रूचा बेत आधीच निष्फळ करणे हे उत्तम, त्याची मैत्री तोडणे हे त्याखालचे, रणांगणात सेनेस गाठणे हे त्याहून खालचे, आणि तटबंदीच्या शहरास वेढा घालणे हे सर्वांत कनिष्ठ. वेढ्याची साधने तयार करण्यास तीन महिने, मातीचे उंचवटे रचण्यास आणखी तीन महिने. आणि इतक्यात सेनापतीचा धीर सुटला की तो माणसे मुंग्यांसारखी भिंतीवर चढवतो. तिसरा हिस्सा शिपाई मरतात आणि शहर तसेच उभे राहते.

हे वाचताना आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? आमच्या डोळ्यांपुढे तरी दिवाणी दावा उभा राहतो. वकीलपत्र, कोर्ट फी, कैफियत, तारखा, तहकुबी, अपील. प्रत्येक तारखेस गावाहून येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी किंवा रजा. दावा दोन भावांचा, परंतु खोळंबा सात घरांचा: मुलीचे लग्न लांबते, मुलाचे शिक्षण अडते, ज्या जमिनीसाठी दावा चालला ती पडीक राहते. वादी म्हातारा होतो, प्रतिवादी वारतो, त्यांचे वारस अभिलेखावर येतात आणि वेढा पुढच्या पिढीकडे जातो. हुकूमनामा हाती आला तरी दरखास्तीची निराळी लढाई शिल्लक असते. आणि अखेरीस मिळालेल्या जमिनीची किंमत एका बाजूस व झालेला खर्च दुसऱ्या बाजूस मांडून पाहण्याचे धैर्य क्वचित कोणास होते.

युद्धात जय मिळवीत असतानाही राज्य कसे बुडते, याचा दाखला सुन त्झूच्याच धन्याच्या राज्यात मिळतो. इ. स. पू. ५०६ मध्ये हो लू राजाने छू या बलाढ्य राज्यावर स्वारी केली, लागोपाठ लढाया जिंकल्या आणि शत्रूची यिंग ही राजधानी काबीज केली. एवढा मोठा विजय! परंतु राजा परमुलखात रेंगाळला. तेवढ्यात शेजारच्या यूए राज्याने वू प्रांतात चढाई केली, छूच्या मदतीस छिन राज्याची फौज आली, आणि राजाचा सख्खा धाकटा भाऊ मायदेशी परतून स्वतःस राजा म्हणवून बसला. शत्रूची राजधानी जिंकलेल्या राजास भावाच्या बंडासाठी धावत घरी यावे लागले. इ. स. पू. ४९६ मध्ये हो लू यूएवर चालून गेला व जखमी होऊन मरण पावला. त्याचा पुत्र फूचाय याने इ. स. पू. ४९४ मध्ये सूड उगविला आणि यूएचा राजा गोउच्येन यास डोंगरावर कोंडून शरण आणले. गोउच्येनने मान तुकविली, परंतु आपल्या बैठकीशेजारी कडू पित्ताशय टांगून तो ते चाखत असे, म्हणजे अपमानाचा विसर पडू नये. स्वतः शेतात राबून आणि राणीस मागावर बसवून त्याने राज्य सावरले. इकडे फूचायला उत्तरेकडील राजांत श्रेष्ठ म्हणवून घ्यावयाचे होते. इ. स. पू. ४८२ मध्ये निवडक सैन्य घेऊन तो त्या मानासाठी उत्तरेस गेला असता यूएने रिकाम्या घरावर झडप घातली आणि युवराज हाती लागला. इ. स. पू. ४७३ मध्ये वू राज्य नाहीसे झाले व फूचायने आत्महत्या केली. आपण ही यादी पुन्हा पाहावी: वू राज्याच्या नावावर मोठमोठे विजय आहेत, आणि अखेरीस राज्यच नाही. मानासाठी लढलेल्या लढाईचा हा शेवट आहे.

म्हणूनच सुन त्झू निघण्यापूर्वीच्या हिशेबास एवढे महत्त्व देतो. त्याच्या काळी स्वारीपूर्वी राजा व सेनापती पूर्वजांच्या देवळात बसून दोन्ही पक्षांची बलाबले मोजण्याच्या काड्या मांडून ताडून पाहत. जनतेचा राजाशी एकमेळ, ऋतुमान, भूमी, सेनापतीचे गुण आणि शिस्त अशा पाच कसोट्या तो सांगतो. सेनापतीच्या गुणांत बुद्धी, विश्वासपात्रता, दया, शौर्य आणि कडक शिस्त असा क्रम आहे; शौर्याचा नंबर चौथा लागतो, हे ध्यानात घ्यावे. पुढे आठव्या प्रकरणात सेनापतीस घातक असे पाच दोष सांगितले आहेत, त्यांतले दोन आपल्या विशेष परिचयाचे आहेत: शीघ्रकोपी माणसास चिडवून फसविता येते, आणि अब्रूबद्दल फाजील हळव्या माणसास निंदेने सापळ्यात ओढता येते. बाराव्या प्रकरणाच्या शेवटी तो बजावतो की राजाने रागाच्या भरात सैन्य उठवू नये. राग ओसरून आनंदही होऊ शकतो, पण बुडालेले राज्य परत येत नाही आणि मेलेला मनुष्य जिवंत होत नाही. आपल्याकडील किती दावे एका फुटाच्या बांधासाठी नसून चारचौघांत झालेल्या एका शब्दासाठी असतात, हे ज्यांनी गावकी पाहिली आहे त्यांस सांगावयास नको. वकिलाकडे जाण्यापूर्वी देवघरासमोर बसून कागदावर दोन रकाने आखावेत: मिळणार काय आणि जाणार काय. दुसऱ्या रकान्यात भाऊ हा शब्द लिहावयास विसरू नये.

सुन त्झूचा दुसरा मोठा आग्रह माहितीचा आहे. शेवटचे प्रकरण त्याने हेरांस वाहिले आहे आणि तेथे एक फार आधुनिक विचार मांडला आहे: पुढे काय होणार याचे ज्ञान भुताखेतांकडून, पूर्वीच्या घटनांशी साम्य पाहून किंवा ग्रहताऱ्यांच्या गणितातून मिळत नाही; ज्या माणसांस वस्तुस्थिती ठाऊक आहे त्यांच्याकडूनच ते मिळवावे लागते. या सभागृहाबाहेर वधूवर-सूचक मंडळाचा कक्ष आहे, म्हणून सांगतो. छत्तीस गुणांपैकी किती जुळले याची चौकशी आपण बारकाईने करतो. मुलाच्या डोक्यावर कर्ज किती, व्यसन आहे की नाही, मुलीस नोकरी पुढे करावयाची आहे की सोडावयाची आहे, याची चौकशी मात्र संकोचाने राहून जाते. अल्पावधीत दामदुप्पट देणाऱ्या योजनेत पैसे गुंतविताना शेजाऱ्याने गुंतविले एवढाच दाखला आपणांस पुरतो. परदेशात नोकरी लावून देणाऱ्या दलालास पैसे देण्यापूर्वी तेथे राहून आलेल्या चार माणसांस विचारावे, हे सुचत नाही. दैनंदिन जीवनात हेर ठेवावयाचे नसतात. योग्य माणसास योग्य प्रश्न वेळेवर विचारावयाचा असतो, इतकाच त्या प्रकरणाचा आपल्यापुरता अर्थ.

या ठिकाणी तरुण मंडळींच्या आवडीच्या एका गोष्टीची चिकित्सा करणे आम्हांस आवश्यक वाटते. परतीचे दोर कापून टाका म्हणजे यश मिळते, असा उपदेश हल्ली सर्रास होतो आणि त्यास या ग्रंथाचा आधार दाखविला जातो. प्राणसंकटाच्या भूमीवर सैन्यास उभे केले की ते वाचण्यासाठी लढते, हा विचार सुन त्झूचा आहे खरा. त्याचा प्रसिद्ध प्रयोग हान शिन या सेनापतीने इ. स. पू. २०४ मध्ये जिंगशिंगच्या खिंडीपलीकडे केला. चाओ राज्याची सेना दोन लाखांची म्हणविली जाई; हान शिनपाशी नव्याने गोळा केलेले थोडे सैन्य. त्याने दहा हजार माणसे नदीस पाठ देऊन उभी केली. शत्रू हसला, छावणी सोडून तुटून पडला, आणि पळावयास जागा नसलेले ते सैन्य हटले नाही. गोष्ट सांगणारे बहुधा येथेच थांबतात.

वस्तुतः गोष्टीचे आणखी दोन भाग आहेत. पहिला असा की, आदल्या रात्री हान शिनने दोन हजार स्वार लाल निशाणे देऊन आडवाटेने डोंगरात लपवून ठेवले होते. शत्रूची छावणी रिकामी होताच त्यांनी आत शिरून चाओची निशाणे उपटली आणि आपली रोविली. मागे वळून पाहणाऱ्या शत्रूस वाटले की सर्व संपले, आणि त्यांची फळी मोडली. नदीने त्या दहा हजारांस फक्त काही घटका तग धरावयास लावले. जय मिळवून दिला तो त्या दोन हजार स्वारांनी. दुसरा भाग असा की, खिंड अरुंद आहे, मागून रसद तोडली तर हान शिन उपासमारीने मरेल, असा अचूक सल्ला ली झुओच नावाच्या चाओच्या सरदाराने दिला होता. तो सल्ला फेटाळला गेल्याची पक्की बातमी हेरांकडून मिळाल्यावरच हान शिन खिंडीत शिरला. म्हणजे ज्यास आपण बेधडक साहस समजतो, ते पक्क्या माहितीवर आणि राखीव योजनेवर उभारलेले होते. चांगली नोकरी सोडून, घर गहाण टाकून, नदीस पाठ देऊन उभ्या राहणाऱ्या तरुणास आमचा एकच प्रश्न आहे: तुझे दोन हजार स्वार कोठे आहेत?

या कथेचा शेवट तर याहून उद्बोधक आहे. जय मिळाल्यावर हान शिनने हुकूम सोडला की ली झुओच यास कोणी मारू नये. जिवंत आणणाऱ्यास हजार सुवर्णमुद्रा. बांधून आणलेल्या त्या शत्रूचे दोर त्याने सोडविले, त्यास सन्मानाच्या आसनावर बसविले आणि शिष्याच्या नम्रतेने पुढील मसलत विचारली. ली म्हणाला की सैन्य थकले आहे, आता लढू नये. फौजेस विसावा द्यावा, लोकांचे सांत्वन करावे आणि येन राज्याकडे एक वकील पाठवावा. हान शिनने तसेच केले आणि येन राज्य न लढता शरण आले. हरलेल्यास मान दिला, म्हणून पुढचे युद्ध टळले. निवडणुकीत पडलेल्या पॅनेलातील जाणत्या माणसास सन्मानाने बोलावून त्याचा सल्ला घेणारी कार्यकारी मंडळे आपल्या संस्थांत किती आहेत, याचा विचार ज्याने त्याने करावा.

सातव्या प्रकरणात सुन त्झू सांगतो की वेढलेल्या शत्रूस निसटावयास एक वाट ठेवावी. घरगुती वादात ही वाट म्हणजे समोरच्याची अब्रू. तडजोडीचा मसुदा असा असावा की दोघांसही गावात मान वर करून सांगता यावे. सुन बिनची एक कथा येथे उपयोगी पडेल. ची राज्याचा सेनापती थ्येन ची याची घोड्यांची शर्यत लागे. उत्तम, मध्यम व कनिष्ठ अशा तीन प्रतींत घोडी जोडीजोडीने धावत. सुन बिनने सुचविले की आपले कनिष्ठ घोडे त्यांच्या उत्तमाशी धावू द्यावे, आपले उत्तम त्यांच्या मध्यमाशी आणि आपले मध्यम त्यांच्या कनिष्ठाशी. एक शर्यत गेली, दोन आल्या. कोणती शर्यत हरावयाची हे आधी ठरविणे, हीच त्यातली मेख. वाटणीत थोरल्यास घराचा ओटा प्रिय असतो आणि धाकट्यास विहिरीचे पाणी. ओट्याची शर्यत हरण्याची ज्याची तयारी आहे, त्यास विहीर आणि भाऊ दोन्ही मिळतात.

आता या ग्रंथाच्या मर्यादा सांगितल्या पाहिजेत, कारण त्या न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. युद्ध हा फसवणुकीचा मार्ग आहे, असे सुन त्झू उघड सांगतो. रणांगणात ते खरे असेल; परंतु नवरा-बायको, भाऊ-बहीण, वैद्य आणि रोगी, विश्वस्त आणि संस्था यांचे नाते विश्वासावर उभे असते, तेथे हे सूत्र लावणारा मनुष्य स्वतःचेच घर पाडतो. सिमा छियानने दिलेली राजवाड्यातील १८० स्त्रियांची कथा प्रसिद्ध आहे. हो लूने परीक्षा पाहण्यासाठी त्यांस कवायत शिकविण्यास सांगितले, त्या हसल्या. पहिल्या वेळी सुन वूने दोष स्वतःकडे घेतला, कारण आज्ञा स्पष्ट नसणे हा सेनापतीचा अपराध. त्याने पुन्हा समजावून सांगितले. त्या पुन्हा हसल्या, तेव्हा राजा नको म्हणत असतानाही त्याच्या दोन लाडक्या स्त्रियांचा त्याने शिरच्छेद केला. कथेच्या सत्यतेबद्दल विद्वानांस शंका आहे. आम्ही त्यातला पूर्वार्ध घेतो, उत्तरार्ध सोडून देतो. सूचना समजली नाही तर प्रथम सांगणाऱ्याने स्वतःकडे पाहावे, एवढे प्रत्येक बापास, शिक्षकास आणि अध्यक्षास पुरेसे आहे.

तसेच पोथीपांडित्यापासूनही सावध राहावे. चाओ राज्यात चाओ कुओ नावाचा तरुण होता. युद्धशास्त्राच्या वादात तो आपल्या सेनापती बापासही निरुत्तर करी. पण बाप म्हणे की प्राणांतिक गोष्ट हा पोरगा सहज समजतो. पुढे राजाने त्यास सेनापती नेमले, तेव्हा त्याच्या आईने ही नेमणूक करू नये म्हणून राजाकडे अर्ज केला. तो मानला गेला नाही. इ. स. पू. २६० मध्ये छांगपिंग येथे तो पडला आणि त्याच्या चार लाखांहून अधिक सैन्याचा नाश झाला, असे इतिहासकार सांगतो. कागदावरची लढाई या अर्थाची चिनी म्हण आजही त्याच्या नावाशी जोडलेली आहे.

आणखी एक गोष्ट, आणि आमच्या मते आजच्या भाषणातील ही सर्वांत महत्त्वाची. लढू नये असे सुन त्झू सरसकट म्हणत नाही. लाभ नसेल तर हलू नये, संकट नसेल तर लढू नये, असा त्याचा आशय आहे. संकट असेल तर लढावे, हे त्यात आलेच. आपल्या घरांत ‘तडजोड’ हा शब्द पुष्कळदा बहिणीस हक्कसोडपत्रावर सही करावयास लावण्यासाठी वापरला जातो. माहेर तुटेल या भीतीने ती सही करते आणि आपण म्हणतो की किती गुण्यागोविंदाने वाटणी झाली! हा सलोखा नव्हे. हा न लढता मिळविलेला जय आहे खरा, परंतु तो आपल्याच माणसावर मिळविलेला आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली कायद्यात दुरुस्ती करून मुलीस वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. २००५ साली वडील हयात असोत वा नसोत, हा हक्क जन्मानेच आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. बहीण स्वखुषीने हक्क सोडील तर तिचे औदार्य थोर. पण तिला आपला हक्क काय आहे हे सांगितल्याशिवाय कागद पुढे करणारा भाऊ, सुन त्झूची फसवणूक घरात आणीत आहे. अशा बहिणीने दावा केला तर ज्ञातीने तिच्या पाठीशी उभे राहावे.

शेवटी कार्यकारी मंडळासमोर एक सूचना ठेवून हे भाषण आवरते घेतो. आपल्या संस्थेने एक सलोखा मंडळ स्थापन करावे. निवृत्त न्यायाधीश, वकील, हिशेब जाणणारे गृहस्थ आणि निम्म्या स्त्रिया अशी त्याची रचना असावी. दोन्ही पक्ष आपखुषीने आले तरच त्याने बसावे. पक्षांनी एकमेकांशी बोलण्यापूर्वी प्रत्येकाने खर्चाचे ते दोन रकाने लिहून आणावेत, एवढी एकच अट असावी. मंडळ निकाल देणार नाही, दंड करणार नाही. जातपंचायतीच्या नावाखाली वाळीत टाकण्याचे जे अनर्थ झाले, त्यांस आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने २०१६चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला आहे, त्याचे भान आपण प्रत्येक क्षणी ठेवले पाहिजे. मारहाणीचे, हुंड्याचे, छळाचे प्रकरण या मंडळाकडे येताच कामा नये; त्याची जागा पोलीस ठाणे आणि न्यायालय ही आहे. उरलेल्या दिवाणी वादांत समझोता झाला तर तो लोकअदालतीपुढे नेऊन पक्का करावा. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार लोकअदालतीच्या निवाड्यास दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते, त्यावर अपील नाही आणि चालू दाव्यात भरलेली कोर्ट फी परत मिळते. वेढा उठविण्याची एवढी सोपी वाट सरकारने ठेवली असता आपण भिंतीवर मुंग्यांसारखी माणसे का चढवावी?

पुढील संमेलनात गुणवंतांच्या सत्काराबरोबर, ज्या भावंडांनी यंदा आपले दावे काढून घेतले त्यांचाही सत्कार या व्यासपीठावर व्हावा, अशी आमची इच्छा आहे. त्यांची नावे पुकारली जातील तेव्हा टाळ्या अधिक जोरात पडाव्यात.